टॉमकॅट लोकांसमोर उघडण्याआधी

टॉमकॅट, म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा अपाचेचा सर्व्हर, उभा करणं फार सोपं आहे. जावा असलेल्या मशीनवर फाइल उलगडायची, बिन फोल्डरमधली स्टार्टअप स्क्रिप्ट चालवायची, ब्राउझरमध्ये ८०८० पोर्ट उघडायचा, की स्वागताचं पान समोर येतं. इतकं सोपं असल्यामुळेच ही शिकण्यापुरती मांडणी कित्येक ठिकाणी जशीच्या तशी खऱ्या वापरात जाते. तिच्यात सोबत मॅनेजर (ब्राउझरमधून ॲप्लिकेशन्स चढवण्याचं साधन) असतो, नमुन्यादाखल दिलेली ॲप्लिकेशन्स असतात, फोल्डरमध्ये टाकलेली कुठलीही वॉर फाइल (एका फाइलीत बांधलेलं ॲप्लिकेशन) आपोआप चालू करण्याची सोय असते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर हे सगळं उपयोगाचंच आहे. इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर मात्र त्यातली प्रत्येक सोय म्हणजे एक दार. टॉमकॅटमधल्या सगळ्यात गाजलेल्या त्रुटी पाहिल्या तर त्या अशाच, मालकाला बहुधा गरजही नसलेल्या दारांत सापडल्या आहेत.

इथे लिनक्सवरचा टॉमकॅट धरला आहे. फाइलींची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष फाइलमध्ये ती मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची.

आवृत्ती आणि खातं

टॉमकॅट ९ ला जावा ८ चालतं, १०.१ ला जावा ११ लागतं, ११ ला जावा १७. खरी मेख ९ आणि १० यांच्यामध्ये आहे. दहाव्या आवृत्तीपासून सर्व्हलेटच्या (वेबवरची विनंती हाताळणाऱ्या जावा कोडच्या) पॅकेजचं नाव 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता' झालं. जुन्या नावाने लिहिलेलं ॲप्लिकेशन नव्या टॉमकॅटवर टाकलं, तर कधी क्लास सापडत नाही म्हणून ते कोसळतं, कधी लॉगमध्ये काहीच तक्रार न येता सगळीकडे ४०४ दिसतो. कारण जुन्या नावाची ॲनोटेशन्स नवा टॉमकॅट ओळखतच नाही. अशा वॉर फाइलसाठी 'वेबॲप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून फाइल तिथे ठेवली, की टॉमकॅट तिचं रूपांतर स्वतः करतो. तेही जमण्यासारखं नसेल तर ९ वर राहावं. ८.५ वर मात्र नको: तिला मिळणारी दुरुस्ती ३१ मार्च २०२४ ला थांबली आहे.

फाइल अपाचेच्या अधिकृत जागेवरूनच उतरवायची आणि सोबतच्या एसएचए-५१२ बेरजेशी (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्याशी) ताडून पाहायची. मिनिटभराचं काम आहे.

त्यानंतरचा पहिला निर्णय म्हणजे टॉमकॅट कोणाच्या नावाने चालणार. ॲप्लिकेशनमध्ये कुठेही भोक पडलं, तर हल्लेखोराच्या हाती तेवढेच अधिकार येतात जेवढे त्या खात्याला आहेत. टॉमकॅट रूटच्या, म्हणजे लिनक्सवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालत असेल तर सगळं मशीन गेलं. म्हणून 'टॉमकॅट' नावाचं वेगळं सिस्टम खातं काढायचं, त्याला लॉगिन शेल द्यायचा नाही.

फक्त खातं बदलून भागत नाही. फाइलींची मालकी कोणाकडे, हा प्रश्न तितकाच मोठा आहे, आणि तो बहुतेक जण विसरतात. सगळं फोल्डर सरसकट टॉमकॅट खात्याच्या नावावर करण्याची पद्धत आहे, पण मग आत शिरलेला माणूस सर्व्हर.एक्सएमएल ही मुख्य सेटिंगची फाइलही बदलू शकतो आणि स्टार्टअप स्क्रिप्टही. बरोबर मांडणी अशी: सगळ्या फाइलींचा मालक रूट, गट टॉमकॅट, फाइलींना ६४० आणि फोल्डरांना ७५० परवानगी (मालक लिहू शकतो, गट फक्त वाचू शकतो, इतरांना काहीच नाही), बिनमधल्या स्क्रिप्टना चालवण्यापुरती ७५०. टॉमकॅटला लिहायची मुभा फक्त तीन ठिकाणी हवी: लॉग्ज, टेम्प आणि वर्क.

हे केल्यावर दोन गोष्टी अडतात. पहिली, सुरू होताना टॉमकॅट कॉन्फ या सेटिंगच्या फोल्डरच्या आत 'कॅटॅलिना' आणि त्यात 'लोकलहोस्ट' अशी फोल्डरं तयार करू पाहतो. परवानगी नसल्यामुळे लॉगमध्ये 'डिप्लॉयमेंटसाठी डिरेक्टरी बनवता आली नाही' अशी ओळ येते. ती फोल्डरं आधीच हाताने करून ठेवायची. दुसरी, वॉर फाइल उलगडायला टॉमकॅटला वेबॲप्समध्ये लिहावं लागतं. यावर 'अनपॅकवॉर्स' हा पर्याय बंद करता येतो, पण मग ॲप्लिकेशन थेट वॉरमधूनच चालतं, सुरू व्हायला जास्त वेळ घेतं, आणि कोडमध्ये 'गेटरिअलपाथ' वापरलं असेल तर त्याला डिस्कवरचा पत्ता न मिळता नल मिळतो. रिपोर्टचे साचे किंवा फॉन्ट असे वाचणारी जुनी ॲप्लिकेशन्स इथेच मोडतात. त्यापेक्षा डिप्लॉय करताना, म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हरवर बसवताना, रूटने वॉर स्वतः उलगडून फोल्डर ठेवून द्यावं. त्याच बैठकीत सर्व्हर.एक्सएमएलमधल्या होस्टच्या ओळीतला 'ऑटोडिप्लॉय' फॉल्स करावा. तो चालू असतो तोवर वेबॲप्समध्ये फाइल टाकू शकणारा कोणीही कोड चालवू शकतो.

४४३ पोर्टसाठी रूट लागतो, म्हणून टॉमकॅट रूटने चालवावाच लागतो, असं पुष्कळदा ऐकू येतं. लागत नाही. १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या खात्याला मिळत नाहीत हे खरं, पण सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिट फाइलमध्ये फक्त पोर्ट धरण्याची क्षमता देता येते. त्याहून प्रचलित उपाय म्हणजे पुढे एन्जिनएक्स किंवा अपाचे एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून ठेवणं, म्हणजे बाहेरची विनंती तो घेतो आणि आत टॉमकॅटकडे देतो. त्याबद्दल पुढे येईलच.

आणखी एक मांडणी सुरुवातीलाच करून ठेवावी. टॉमकॅटचा मूळ संच एका फोल्डरमध्ये आणि आपली कॉन्फ, लॉग्ज, वेबॲप्स दुसऱ्या फोल्डरमध्ये, म्हणजे 'कॅटॅलिना होम' आणि 'कॅटॅलिना बेस' वेगळे. मग नवी आवृत्ती आली की फक्त होमची लिंक नव्या फोल्डरकडे वळवायची आणि रीस्टार्ट करायचं. बिघडलं तर लिंक परत जुन्याकडे. अपडेट पाच मिनिटांत होत असेल तरच ते वेळेवर होतं. दोन्ही फोल्डरं एकत्र असली की दर वेळी कॉन्फ जुळवत बसावं लागतं आणि अपडेट पुढच्या महिन्यावर जातं.

सर्व्हर.एक्सएमएलमधले पोर्ट

या फाइलमध्ये पहिल्याच ओळींत ८००५ पोर्ट दिसतो. त्यावर 'शटडाउन' हा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत पाठवला की टॉमकॅट बंद होतो. पासवर्ड वगैरे काही विचारत नाही. तो फक्त त्याच मशीनवरून पोचता येतो, पण त्या मशीनवर लॉगिन असलेला कोणीही साधा वापरकर्ता सर्व्हर पाडू शकतो. इथे पोर्टच्या जागी उणे १ लिहिलं की हा रस्ता बंद होतो. मात्र त्यानंतर नुसती शटडाउन स्क्रिप्ट चालवून सर्व्हर थांबत नाही. सिस्टमडीकडून चालवत असाल तर अडचण नाही, तो सिग्नल पाठवून थांबवतो. जावा त्या सिग्नलने थांबला की १४३ हा कोड परत देतो. युनिट फाइलमध्ये हा कोड यशस्वी धरायला सांगितलं नाही, तर दर वेळी सेवा 'फेल्ड' दिसत राहते.

नंतर ८००९, म्हणजे एजेपी. पुढच्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलण्याची ही एक वेगळी भाषा. एजेपी आपल्या पुढे विश्वासू वेब सर्व्हर आहे असं गृहीत धरतो आणि तो सांगेल ते मानतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झालेली 'घोस्टकॅट' त्रुटी (त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८) याच विश्वासावर उभी होती. तोवर एजेपी जन्मतःच चालू असायचा आणि मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा. हा पोर्ट बाहेर उघडा असेल तर कोणीही ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचू शकत होता, त्यात डेटाबेसचे पासवर्ड असलेल्या फाइलीही आल्या. फाइल अपलोड करण्याची सोय असलेल्या ॲप्लिकेशनमध्ये तर कोडही चालवता यायचा. ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांत दुरुस्ती आली: एजेपी कॉमेंटमध्ये गेला, चालू केला तरी फक्त लोकलहोस्टवर ऐकू लागला, आणि 'सीक्रेट' देणं सक्तीचं झालं. तुमची कॉन्फ फाइल मात्र त्याआधीच्या काळातली असू शकते. नव्या टॉमकॅटवर जुनी सर्व्हर.एक्सएमएल नेली की सर्व्हर 'सीक्रेट दिलेलं नाही' म्हणून अडून बसतो. अशा वेळी 'सीक्रेटरिक्वायर्ड' फॉल्स करून मोकळं होणं हा अत्यंत वाईट उपाय. एजेपी वापरत नसाल तर त्या कनेक्टरची (पोर्टवर ऐकणाऱ्या भागाची) ओळच काढून टाका.

८०८० चा कनेक्टर पुढे प्रॉक्सी असेल तर बाहेरून दिसण्याचं काही कारण नाही. त्याच्या ओळीत 'ॲड्रेस' म्हणून १२७.०.०.१ द्यायचा. मग 'एसएस' कमांडने ऐकणारे पोर्ट बघून खात्री करायची. जावाचा पोर्ट तिथे बऱ्याचदा आयपीव्ही६ च्या वेषात दिसतो, म्हणजे पत्त्याच्या आधी 'एफएफएफएफ' येतं, शेवटी १२७.०.०.१ असेल तर ठीक. नुसती चांदणी दिसली तर पोर्ट सगळ्यांना उघडा आहे.

त्याच यादीत जेएमएक्सचा (चालू जावावर बाहेरून देखरेख करण्याच्या सोयीचा) पोर्ट किंवा डीबगचा पोर्ट दिसतो का तेही पाहा. पासवर्डाशिवाय उघडा असलेला जेएमएक्स आणि बाहेरून पोचता येणारा डीबग पोर्ट, दोन्हींतून सरळ कोड चालवता येतो. चाचणीच्या मशीनवरची सेटिंग्ज कॉपी करताना हे नकळत सोबत येतात.

मॅनेजर

वेबॲप्समध्ये पाच फोल्डरं येतात: रूट (स्वागताचं पान; रूट खात्याशी संबंध नाही), डॉक्स, एक्झाम्पल्स, होस्ट-मॅनेजर आणि मॅनेजर. पहिल्या चारांची प्रॉडक्शनमध्ये गरज नाही, काढून टाका. एक्झाम्पल्समधल्या सेशनच्या नमुन्यात तर कोणीही आपल्या सेशनमध्ये हवी ती किंमत भरू शकतो, ती नमुन्यासाठीच केलेली सोय आहे.

मॅनेजरवर थोडं थांबायला हवं. मॅनेजरमधून वॉर फाइल चढवता येते. वॉर फाइल म्हणजे कोड. म्हणजेच मॅनेजरचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्याकडे टॉमकॅट खात्याचे सगळे अधिकार. टॉमकॅट-युजर्स.एक्सएमएलमध्ये मुळात एकही वापरकर्ता चालू नसतो. जगभर ज्या मॅनेजरमधून चोऱ्या होतात, तिथे मालकानेच 'टॉमकॅट' आणि 'ॲडमिन' असले अंदाजात येणारे पासवर्ड घातलेले असतात. पाच वेळा चुकलं की ३०० सेकंद खातं बंद ठेवणारी 'लॉकआउट रेल्म' आत असते, पण ती पासवर्डाचा कच्चेपणा भरून काढत नाही.

मॅनेजरच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये 'रिमोटॲड्र व्हॉल्व्ह' असतो; व्हॉल्व्ह म्हणजे विनंतीच्या वाटेत बसवलेली गाळणी. तो फक्त त्याच मशीनवरून आलेल्या विनंत्या आत सोडतो. इथे एक मोठी गफलत होते. त्याच मशीनवर पुढे एन्जिनएक्स ठेवला की टॉमकॅटला प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून आल्यासारखी दिसते. म्हणजे व्हॉल्व्ह जागेवर असतो, पण सगळ्या जगाला आत सोडतो. यावर 'रिमोटआयपी व्हॉल्व्ह' हा उपाय: तो प्रॉक्सीने पाठवलेल्या 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हेडरमधून खरा पत्ता काढतो.

मग एन्जिनएक्समध्येच मॅनेजरचा मार्ग अडवला तर? तेही पुरेसं नाही. टॉमकॅट मार्गाच्या तुकड्यात अर्धविरामानंतर येणारा भाग पॅरामीटर समजून बाजूला काढतो. त्यामुळे 'दोन टिंबं, अर्धविराम, तिरपी रेघ, मॅनेजर' असा मार्ग एन्जिनएक्सला वेगळाच फोल्डर वाटतो, नियम लागू होत नाही. टॉमकॅट मात्र अर्धविराम काढून त्याचा अर्थ 'एक पायरी मागे जाऊन मॅनेजर' असा लावतो. दोन सर्व्हर एकच पत्ता दोन तऱ्हांनी वाचतात आणि हल्लेखोर मधल्या फटीतून जातो. एन्जिनएक्समधून फक्त आपल्या ॲप्लिकेशनचाच मार्ग पुढे पाठवत असाल तरी हीच फट उरते. म्हणून खरा उपाय मॅनेजर त्या मशीनवर न ठेवण्याचा.

ठेवावाच लागला तर माणसासाठी 'मॅनेजर-जीयूआय' आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्टसाठी 'मॅनेजर-स्क्रिप्ट' असे दोन वेगळे वापरकर्ते करा. स्क्रिप्टच्या रस्त्याला सीएसआरएफपासून (दुसऱ्या साइटने तुमच्या ब्राउझरकडून नकळत विनंती करवून घेण्यापासून) संरक्षण नाही. एकाच वापरकर्त्याला दोन्ही भूमिका दिल्या की ब्राउझरमधल्या संरक्षणाचा उपयोग संपतो. आणि मोठी वॉर चढत नसेल तर मर्यादा मॅनेजरच्या स्वतःच्या वेब.एक्सएमएलमध्ये आहे, ५० एमबी.

लिहिता येणारं दार: पुट

साध्या फाइली, म्हणजे चित्रं, सीएसएस वगैरे, टॉमकॅटचा 'डिफॉल्ट सर्व्हलेट' देतो. त्याचा 'रीडओन्ली' पर्याय मुळात ट्रू असतो. कोणी फाइली चढवण्याच्या सोयीसाठी तो फॉल्स केला, की एचटीटीपीच्या पुट विनंतीने बाहेरचा माणूस सर्व्हरवर फाइल लिहू शकतो. २०१७ साली विंडोजवरच्या टॉमकॅट ७ मध्ये याच मार्गाने जेएसपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची, फाइल चढवता येत होती. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२५-२४८१३ पुन्हा त्याच दारातली. तुकड्यातुकड्याने आलेली पुट विनंती तात्पुरत्या फाइलमध्ये साठवताना नाव बनवण्याच्या पद्धतीत घोळ होता. रीडओन्ली फॉल्स, सेशन डिस्कवरच्या नेहमीच्या जागी साठवणं चालू, आणि ॲप्लिकेशनमध्ये डीसीरियलायझेशनला (साठवलेल्या बाइटांतून पुन्हा ऑब्जेक्ट बनवताना होणाऱ्या हल्ल्याला) बळी पडणारी लायब्ररी, एवढं जुळलं की कोड चालवता येत होता. ९.०.९९, १०.१.३५ आणि ११.०.३ मध्ये ती दुरुस्त झाली. ज्यांनी रीडओन्लीला कधी हात लावला नव्हता त्यांना या हल्ल्याची झळ पोचण्यासारखी नव्हती. कॉन्फमधली वेब.एक्सएमएल उघडून हा शब्द आत्ताच शोधून पाहा.

टॉमकॅट कितीही घट्ट बसवला तरी वेब-इन्फच्या लिबमधल्या जार फाइली (ॲप्लिकेशनसोबत येणाऱ्या जावा लायब्ररी) त्याच्या हातात नाहीत, हेही लक्षात असू द्या. २०१७ साली अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली ती स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधल्या त्रुटीतून, आणि त्या त्रुटीवरची दुरुस्ती चोरी सुरू होण्याआधीच, मार्चमध्ये, आलेली होती.

टीएलएस आणि प्रॉक्सी

एचटीटीपीएस, म्हणजे टीएलएसने सांकेतिक केलेलं एचटीटीपी, टॉमकॅट स्वतः देऊ शकतो. कनेक्टरमध्ये 'एसएसएलएनेबल्ड' ट्रू, आत 'एसएसएलहोस्टकॉन्फिग' आणि त्याच्या आत 'सर्टिफिकेट'. पूर्वीसारखं कीटूल वापरून कीस्टोअर (की आणि सर्टिफिकेट ठेवण्याची जावाची फाइल) बनवणं आता सक्तीचं नाही, पीईएम फाइली थेट देता येतात. प्रोटोकॉलमध्ये टीएलएस १.२ आणि १.३ एवढेच ठेवा, १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढले गेले. कीस्टोअर वापरलाच तर 'चेंजइट' हा पासवर्ड बदला, तो टॉमकॅटचा मूळ पासवर्ड आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून सर्टिफिकेट घेतलं तर त्याची खासगी की फक्त रूटला वाचता येते. टॉमकॅट साध्या खात्याने चालत असल्यामुळे तो कनेक्टर सुरूच होत नाही. नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये (हुकमध्ये) फाइली कॉन्फमध्ये कॉपी करून मालक रूट, गट टॉमकॅट, परवानगी ६४० अशी करून द्यायची. सर्टिफिकेट ९० दिवसांत संपतं, म्हणून हे हाताने करण्याच्या भरवशावर राहू नका. दुसरी अडचण मधल्या सर्टिफिकेटची. फक्त आपलं सर्टिफिकेट दिलं आणि साखळी दिली नाही, तर डेस्कटॉपवरचा ब्राउझर बहुधा सांभाळून घेतो. पण मोबाइल ॲप किंवा दुसऱ्या कंपनीचा जावा प्रोग्राम 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' म्हणत अडतो. 'माझ्याकडे तर उघडतंय' हा वाद तिथून सुरू होतो.

एन्जिनएक्स पुढे असेल तर टीएलएस तिथेच संपवावं. मग टॉमकॅटला विनंती साध्या एचटीटीपीने पोचते, आणि त्याला वाटतं ग्राहकही एचटीटीपीवरच आहे. ॲप्लिकेशनच्या वेब.एक्सएमएलमध्ये 'कॉन्फिडेन्शियल' ची अट असेल तर टॉमकॅट ग्राहकाला एचटीटीपीएसवर जा म्हणतो, ग्राहक जातो, एन्जिनएक्स पुन्हा एचटीटीपीने आत पाठवतो, टॉमकॅट पुन्हा तेच सांगतो. ब्राउझर शेवटी 'फार वेळा रीडायरेक्ट झालं' म्हणून हात टेकतो. अट नसेल तर गोंधळ दिसत नाही, पण सेशन कुकीवर 'सिक्युअर' ही खूण लागत नाही. दोन्हींवर उपाय तोच रिमोटआयपी व्हॉल्व्ह. एन्जिनएक्सने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर पाठवायला हवा, एवढंच. ॲक्सेस लॉगमध्ये खरा पत्ता हवा असेल तर ॲक्सेस लॉग व्हॉल्व्हवर 'रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड' ट्रू करा, नाहीतर सगळ्या ओळी १२७.०.०.१ च्याच भरतात.

कुकीला 'एचटीटीपीओन्ली' ची खूण टॉमकॅट आपणहून लावतो. 'सेमसाइट' मात्र कुकी प्रोसेसरमध्ये सांगावं लागतं. 'लॅक्स' बहुतेकांना पुरतं. सेशनचा क्रमांक पत्त्यात उमटू नये म्हणून 'ट्रॅकिंग मोड' फक्त कुकी ठेवा. टॉमकॅटचा सिक्युरिटी हेडरचा फिल्टर चालू केला की एचएसटीएस (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएसच वापरायला लावणारा हेडर) चालू झाला असं समजू नका: त्याची मुदत मुळात शून्य सेकंद असते, ती स्वतः भरावी लागते.

एरर आल्यावर दिसणाऱ्या पानावर टॉमकॅटची आवृत्ती आणि कोडचा स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) दिसतो. होस्टमध्ये 'एरररिपोर्ट व्हॉल्व्ह' घालून 'शोरिपोर्ट' आणि 'शोसर्व्हरइन्फो' फॉल्स करा.

सर्व्हर हँग होतो तेव्हा

मेमरीचे पर्याय बिनमधल्या सेटएन्व्ह स्क्रिप्टमध्ये 'कॅटॅलिना ऑप्ट्स' मध्ये लिहायचे, 'जावा ऑप्ट्स' मध्ये नाहीत. जावा ऑप्ट्स थांबवण्याच्या कमांडलाही लागतात. तिथे जेएमएक्सचा पोर्ट लिहिलेला असेल तर थांबवायला आलेला दुसरा जावा तोच पोर्ट मागतो, 'पत्ता आधीच वापरात' म्हणून मरतो, आणि सर्व्हर थांबतच नाही. काहीच सांगितलं नाही तर जावा मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा कमाल हीप (ॲप्लिकेशनच्या डेटासाठीची मेमरी) धरतो.

हँग होण्याचं नेहमीचं कारण मात्र मेमरी नसतं. टॉमकॅटचे कामकरी थ्रेड मुळात २०० असतात. डेटाबेसच्या कनेक्शन पूलची (आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याची) मूळ मर्यादा आहे ८. २०० जण एकाच वेळी डेटाबेस मागू लागले की १९२ रांगेत, आणि रांगेत किती वेळ थांबायचं याची मूळ किंमत आहे अमर्याद. पान फिरत राहतं, एरर येत नाही, सीपीयू शांत असतो. 'जेस्टॅक' ने थ्रेड काढून पाहिले की सगळे 'बॉरोऑब्जेक्ट' या ओळीवर उभे दिसतात. उपाय: 'मॅक्सटोटल' गरजेप्रमाणे वाढवा आणि 'मॅक्सवेटमिलिस' १०,००० सारखा ठेवा, म्हणजे दहा सेकंदांनी निदान स्पष्ट एरर येईल.

आकडा वाढवूनही फरक पडत नसेल तर नाव तपासा. जुन्या लेखांत 'मॅक्सॲक्टिव्ह' लिहिलेलं असतं. टॉमकॅट ८ पासूनच्या मूळ पूलमध्ये ते नाव चालत नाही. तो लॉगमध्ये 'हे दुर्लक्षित केलं आहे' अशी सूचना लिहून आठवरच राहतो. आणि वाढवताना पलीकडचा हिशोब ठेवा: पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन देतो, त्यामुळे प्रत्येकी ६० चे दोन टॉमकॅट त्याला झेपत नाहीत.

लॉग कुठे वाचायचा

'एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत' एवढंच कॅटॅलिनाच्या लॉगमध्ये सांगून टॉमकॅट ते ॲप्लिकेशन सुरू करत नाही, आणि लोक तासन्‌तास त्याच फाइलमध्ये कारण शोधतात. खरं कारण शेजारच्या, तारीख लावलेल्या 'लोकलहोस्ट' लॉगमध्ये असतं. कॅटॅलिना.आउट ही फाइल टॉमकॅट स्वतः कधीच कापत नाही. डिस्क भरण्याआधी लॉगरोटेट लावा.

'मेथडच्या नावात अवैध अक्षर' अशी ओळ आणि पुढे ०एक्स१६, ०एक्स०३ असे आकडे दिसले, तर तो हल्लाच असेल असं नाही. टीएलएसचं संभाषण याच बाइटांनी सुरू होतं. कोणीतरी साध्या एचटीटीपी पोर्टवर एचटीटीपीएस बोलतो आहे, बहुधा तुमच्याच प्रॉक्सीची एखादी ओळ चुकली आहे.

देवनागरी मजकूर

मराठी नावं घेणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये अक्षरं बिघडली तर आधी कशी बिघडली ते नीट बघा. 'सविता' या शब्दात युनिकोडची पाच चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट. नावाच्या जागी पंधरा परकी लॅटिन चिन्हं दिसत असतील तर बाइट सगळे शाबूत आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले गेले. माहिती परत मिळवता येते. पाच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर लिहितानाच अक्षरं गेली, ती परत येत नाहीत.

पंधरा चिन्हांचं कारण बहुधा फॉर्मची पोस्ट विनंती. पत्त्यातली अक्षरं टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ धरतो, पण पोस्टच्या आतला मजकूर ९ पर्यंत मुळात आयएसओ-८८५९-१ मानतो. वेब.एक्सएमएलमध्ये 'रिक्वेस्ट-कॅरेक्टर-एन्कोडिंग' यूटीएफ-८ लिहायचं, किंवा टॉमकॅटचा 'सेटकॅरेक्टरएन्कोडिंग' फिल्टर इतर सगळ्या फिल्टरांच्या आधी लावायचा. दुसऱ्या फिल्टरने एकदा पॅरामीटर वाचला की नंतर एन्कोडिंग सांगून उपयोग नाही. १० पासून कॉन्फमधल्या वेब.एक्सएमएलमध्ये हे आधीच लिहिलेलं असतं.

प्रश्नचिन्हांचं कारण वेगळं. हाताने सुरू केलेल्या टॉमकॅटवर मराठी रिपोर्ट नीट निघतो, सेवा म्हणून सुरू केला की प्रश्नचिन्हं येतात. टर्मिनलमध्ये तुमची भाषेची सेटिंग असते, सिस्टमडीच्या सेवेला ती बहुधा मिळत नाही. मग जावा १७ पर्यंतचं जावा आस्की धरून फाइल लिहितं. जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जातं. तोवर कॅटॅलिना ऑप्ट्समध्ये 'फाइल.एन्कोडिंग' यूटीएफ-८ द्या, आणि फाइलींची नावंही मराठीत असतील तर युनिट फाइलमध्ये 'एलसी_ऑल' म्हणून सी.यूटीएफ-८ घाला. रीस्टार्टनंतर नवे रिपोर्ट नीट निघतील. आधी निघालेले मात्र डेटाबेसमधून पुन्हा काढावे लागतील.